एका छपराखाली दोन मालमत्ता : घरमालक, भाडेकरू आणि विमा

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींना तो अभ्यासक्रमाच्या अगदी कडेचा वाटला असेल. विमा म्हटला की आपण आयुर्विमा, पीक विमा, आरोग्य विमा आणि फार तर वाहन विमा यांची टिपणे काढतो. घराचा व घरातील सामानाचा विमा मात्र वहीच्या समासातही क्वचितच आढळतो. तरीही हा विषय मी हेतुपुरस्सर निवडला आहे. या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुसंख्य जण आज कुणाच्या तरी घरात भाडेकरू आहेत. आपल्या खोलीतील संगणक, पुस्तके, कपडे, गादी आणि गॅसची शेगडी उद्या पुरात वाहून गेली अथवा आगीत जळाली, तर ते नुकसान कोणी सोसायचे, हा प्रश्न मी आपणांस विचारणार आहे. त्याचे उत्तर शोधताना कायदा, अर्थशास्त्र आणि सार्वजनिक धोरण या तिन्हींचा परिचय आपोआप होईल.

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या वेळी मी कालिना परिसरातील एका इमारतीत तळमजल्यावर भाड्याने राहत होतो आणि महाविद्यालयात ‘जोखीम व अनिश्चितता’ हे प्रकरण शिकवीत होतो. पाणी ओसरल्यावर घरी परतलो तेव्हा फ्रिज आडवा झालेला होता, गाद्या फुगून जड झाल्या होत्या आणि कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांतील क्षेत्रपाहणीच्या प्रश्नावल्यांचा लगदा झाला होता. आमचे घरमालक सज्जन आणि व्यवहारदक्ष गृहस्थ होते. त्यांनी घराचा विमा उतरवलेला होता आणि त्या विम्यात माझेही सामान येतच असणार, असे मी गृहीत धरले होते. काही दिवसांनी विमा सर्वेक्षक आले. त्यांनी भिंतींची ओल, उखडलेली फरशी आणि विजेची जोडणी पाहिली. मी सामानाकडे बोट दाखवले, तेव्हा त्यांनी ‘‘हे कुणाचे?’’ असे विचारले. ‘‘भाडेकरूंचे,’’ असे घरमालकांनी सांगताच त्यांनी वहीचे पान उलटले.

सर्वेक्षकांचे काहीच चुकले नव्हते. चुकले होते ते माझे गृहीतक. एका छपराखाली दोन वेगवेगळ्या मालमत्ता नांदत असतात आणि एकीचा विमा दुसरीला लागू होत नाही, एवढी साधी गोष्ट अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला ठाऊक नव्हती. आजच्या व्याख्यानाचा सारा आशय या एका वाक्यात सामावलेला आहे.

विमायोग्य हितसंबंध : मूळ सूत्र

विमा कराराची काही मूलतत्त्वे आपण अभ्यासलेली आहेत. परम सद्भाव, विमायोग्य हितसंबंध, क्षतिपूर्ती आणि निकटतम कारण ही त्यांतील प्रमुख होत. यांपैकी विमायोग्य हितसंबंध हे तत्त्व आपल्या विषयाचा कणा आहे. ज्या वस्तूच्या नाशामुळे आपले आर्थिक नुकसान होते, त्याच वस्तूचा विमा आपण उतरवू शकतो. भिंती, छप्पर, फरशी आणि पक्क्या बसवलेल्या सोयी घरमालकाच्या असतात, म्हणून त्यांचा विमा त्याने उतरवायचा. आत आणलेले सामान भाडेकरूचे असते, म्हणून त्याचा विमा भाडेकरूने उतरवायचा. सुसज्ज घर भाड्याने दिले असेल, तर त्यातील घरमालकाचे पलंग, कपाटे व उपकरणे ही घरमालकाचे सामान ठरतात. अशा घरात कोणती वस्तू कोणाची, याची सही केलेली यादी करारनाम्यास जोडणे केव्हाही हितावह होय.

भाडेपट्टा आणि ‘लिव्ह अँड लायसन्स’ अर्थात अनुज्ञप्ती यांतील फरकही येथे लक्षात घ्यावा. भाडेपट्ट्याची व्याख्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात आहे, तर अनुज्ञप्तीची व्याख्या त्याच वर्षीच्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये आहे. अनुज्ञप्तीने जागेत कोणताही मालकी स्वरूपाचा हितसंबंध निर्माण होत नाही. परंतु स्वतःच्या सामानातील हितसंबंध दोन्ही प्रकारच्या रहिवाशांना सारखाच असतो. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा विद्यार्थीही आपल्या सामानाचा विमा उतरवू शकतो.

परीक्षेच्या दृष्टीने आणखी एक बाब नमूद करतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विमा हा विषय संघसूचीतील ४७ व्या नोंदीत येतो, तर घरमालक व भाडेकरू यांचे संबंध राज्यसूचीतील १८ व्या नोंदीत येतात. भाड्याचा कायदा करणारे विधिमंडळ विम्याचा विचार करीत नाही आणि विम्याचा नियामक भाड्याच्या संबंधांत लक्ष घालत नाही. भाडेकरूचे सामान या दोन नोंदींच्या मधल्या फटीत पडून राहते.

आकडेवारीवर दृष्टिक्षेप

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील ८६.६ टक्के कुटुंबे स्वतःच्या घरात, तर ११.१ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. ग्रामीण भागात भाडेकरूंचे प्रमाण अवघे ३.४ टक्के होते. नागरी भागात मात्र ते २७.५ टक्के, म्हणजे चौथा हिस्सा ओलांडणारे होते. त्याच जनगणनेत नागरी भागात एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी असल्याचेही आढळले. घर भाड्याने देण्यास मालक कचरतात, याची जी अनेक कारणे सांगितली जातात, त्यांत घराच्या हानीची भीती हे एक कारण आहे. विमा ही भीती काही अंशी कमी करू शकतो. त्यामुळे हा विषय निव्वळ व्यक्तिगत सुरक्षिततेचा राहत नाही, तो घरबांधणी धोरणाचाही भाग ठरतो.

आता विम्याकडे वळू. देशातील एकूण विमा हप्त्यांचे सकल देशांतर्गत उत्पादनाशी असलेले प्रमाण म्हणजे विमा व्याप्ती. २०२३-२४ मध्ये ती ३.७ टक्के होती, तर जागतिक सरासरी ७ टक्के होती. या ३.७ टक्क्यांत आयुर्विमा वगळता उर्वरित विम्याचा वाटा केवळ १ टक्का होता आणि त्यातही वाहन व आरोग्य या दोन शाखांचाच मोठा भाग होता. वाहनाचा त्रयस्थ पक्ष विमा कायद्याने सक्तीचा आहे. घराच्या विम्याला अशी सक्ती नाही आणि स्वेच्छेने येणाऱ्यांची संख्या अल्प आहे.

थोडी ऐतिहासिक पार्श्वभूमी

लंडन शहर १६६६ च्या महाआगीत भस्मसात झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत निकोलस बार्बन याने तेथे घरांच्या आगविम्याचा व्यवसाय सुरू केला. आपल्याकडे सर्वसाधारण विम्याची सुरुवात १८५० मध्ये कोलकाता येथे स्थापन झालेल्या ट्रायटन इन्शुरन्स कंपनीपासून मानली जाते. १९०७ मध्ये मुंबईत इंडियन मर्कंटाइल ही कंपनी निघाली. १९३८ चा विमा अधिनियम हा आजही या क्षेत्राचा मूलभूत कायदा आहे. १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा संस्थांचे चार कंपन्यांत एकत्रीकरण करण्यात आले. मल्होत्रा समितीच्या १९९४ च्या अहवालानंतर १९९९ चा विमा नियामक कायदा आला आणि खाजगी कंपन्यांना पुन्हा प्रवेश मिळाला. आगविम्याचे दर १ जानेवारी २००७ पासून नियंत्रणमुक्त झाले. दर मोकळे झाले तरी घराच्या विम्याचा करार सामान्य माणसाला समजेल असा होण्यास आणखी चौदा वर्षे जावी लागली.

‘भारत गृह रक्षा’ : काय बदलले?

विमा नियामक व विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ हा प्रमाणित विमा करार लागू केला. आगविम्याचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांना तो उपलब्ध करून देणे बंधनकारक करण्यात आले. आग, स्फोट, वीज कोसळणे, भूकंप, चक्रीवादळ, पूर, दरड कोसळणे, जमीन खचणे, दंगल, दहशतवादी कृत्य आणि पाण्याची टाकी वा नळ फुटणे अशा अनेक संकटांचा त्यात एकत्रित समावेश आहे. त्यातील चार वैशिष्ट्ये विशेष लक्षात ठेवावीत.

पहिले वैशिष्ट्य मूल्यांकनाचे. घराची विमा रक्कम बाजारभावावर ठरत नाही, ती बांधकामाच्या खर्चावर ठरते. चटई क्षेत्रफळास प्रचलित बांधकाम दराने गुणले की ती निघते. समजा, ६०० चौरस फुटांच्या सदनिकेचा बाजारभाव एक कोटी रुपये आहे आणि बांधकाम खर्च चौरस फुटास २,५०० रुपये आहे. येथे विमा रक्कम १५ लाख रुपये होईल. उरलेली किंमत मुख्यतः जमिनीची व ठिकाणाची आहे आणि जमीन काही जळत नाही. घराचा विमा फार महाग असणार, हा गैरसमज बहुधा या दोन किमतींची गल्लत केल्यामुळे निर्माण होतो.

दुसरे वैशिष्ट्य न्यून विम्याबाबतचे. जुन्या करारांत ‘सरासरीचे कलम’ असे. ३० लाखांच्या घराचा विमा १५ लाखांचाच असेल आणि नुकसान ६ लाखांचे झाले, तर कंपनी त्याच प्रमाणात, म्हणजे ३ लाखच देत असे. नव्या प्रमाणित करारात ही कपात रद्द झाली असून विमा रकमेच्या मर्यादेत प्रत्यक्ष नुकसान मिळू शकते.

तिसरे वैशिष्ट्य सामानाचे. घराचा विमा घेतल्यास विमा रकमेच्या २० टक्क्यांइतके, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, सर्वसाधारण घरसामानाचे संरक्षण आपोआप मिळते. वरील उदाहरणात ते ३ लाख रुपये होईल. अधिक रकमेसाठी तपशील द्यावा लागतो. दागिने व कलावस्तूंसाठी स्वतंत्र ऐच्छिक संरक्षण आहे. मात्र हे आपोआप मिळणारे संरक्षण विमा घेणाऱ्याच्या सामानाचे असते, त्याच्या भाडेकरूच्या सामानाचे नव्हे.

चौथे वैशिष्ट्य भाड्याचे. विमाकृत संकटामुळे घर राहण्यायोग्य न राहिल्यास त्या काळात बुडालेले भाडे अथवा पर्यायी निवासाचे भाडे घराच्या संरक्षणात समाविष्ट आहे.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. या मूळ करारात साध्या घरफोडीचा समावेश नाही. विमाकृत संकट ओढवल्यापासून सात दिवसांच्या आत, त्या संकटामुळेच झालेली चोरी तेवढी भरून मिळते. बंद खोलीचे कुलूप तोडून झालेल्या चोरीसाठी घरफोडीचे वेगळे संरक्षण अथवा कंपन्यांची एकत्रित गृहस्थ विमा योजना घ्यावी लागते. रोख रक्कम, धनादेश, रोखे, वाहने, तसेच हस्तलिखिते, आराखडे आणि कोणत्याही प्रकारचे दस्तऐवज हे मूळ करारात वगळलेले आहेत. २००५ मध्ये मी सामानाचा विमा उतरवला असता, तर कदाचित फ्रिज आणि गाद्या भरून मिळाल्या असत्या, प्रश्नावल्या मिळाल्या नसत्या. त्यांवर आधारलेला ग्रंथ मी पुढे लिहू शकलो नाही. विम्याची मर्यादा यापेक्षा स्पष्ट करून सांगता येणार नाही. ज्याची बाजारात किंमत नाही त्याची क्षतिपूर्ती होत नाही, त्याची प्रत काढून दुसरीकडे ठेवावी लागते.

घरमालकाच्या जोखमी

घर भाड्याने देणाऱ्याची जोखीम तीन प्रकारची असते : वास्तूची हानी, भाड्याच्या उत्पन्नातील खंड आणि इतरांप्रति असलेले दायित्व. पहिली जोखीम बहुतेकांच्या लक्षात येते. दुसरीचे महत्त्व आदर्श भाडेकरू अधिनियमाने वाढवले आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी या आदर्श कायद्यास मंजुरी देऊन तो राज्यांकडे स्वीकारासाठी पाठवला. निवासी जागेसाठी अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, करार लेखी असावा, दुरुस्तीची जबाबदारी दोघांत वाटून द्यावी, अशा तरतुदी त्यात आहेत. नैसर्गिक आपत्तीसारख्या अपरिहार्य कारणामुळे जागा राहण्यायोग्य न राहिल्यास ती पूर्ववत होईपर्यंत मालकाने भाडे आकारू नये, असेही त्यात म्हटले आहे. भाडेकरूच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्य आहे. परंतु भाड्यावरच उदरनिर्वाह करणाऱ्या निवृत्त शिक्षकाला अथवा विधवा भगिनीला विम्याचा आधार नसेल, तर ती जड जाईल. दोन महिन्यांच्या अनामतीतूनही मोठी हानी भरून निघणार नाही. अनामत रक्कम कमी करण्याचे धोरण आणि विमा यांची सांगड घातली गेली पाहिजे ती याकरिताच.

सदनिकाधारकांनी आणखी एक बाब तपासावी. महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीच्या विम्याची तरतूद आहे. संस्थेने उतरवलेला विमा इमारतीचा असतो, सदनिकेच्या आतील सामानाचा नसतो. गृहकर्जासोबत बँकेने घ्यायला लावलेला विमा अनेकदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, घराचा नसतो. कागद न वाचता ‘विमा आहे’ असे समाधान मानणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. त्यांत एके काळी मीही होतो. घर भाड्याने दिल्यावर अथवा ते दीर्घकाळ बंद राहणार असल्यास कंपनीस लेखी कळवणे, हेही परम सद्भावाच्या तत्त्वात येते.

भाडेकरूची दुहेरी जोखीम

भाडेकरूची पहिली जोखीम सामानाची. दुसरी जोखीम दायित्वाची असून ती सहसा ध्यानात येत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ नुसार, वेगळा करार नसल्यास, भाडेकरूने वाजवी झीज आणि अनिवार शक्तीने झालेले बदल वगळता जागा मूळ स्थितीत राखावयाची असते. आग, वादळ वा पुरामुळे जागेचा महत्त्वाचा भाग कायमचा निरुपयोगी झाल्यास भाडेपट्टा संपवण्याचा पर्याय भाडेकरूस आहे. परंतु हानी त्याच्याच गैरकृत्यामुळे वा चुकीमुळे झाली असेल, तर हा लाभ मिळत नाही.

आता पुढील प्रसंग कल्पून पाहा. भाडेकरूने शेगडी चालू ठेवली आणि स्वयंपाकघर जळाले. घरमालकाच्या विमा कंपनीने त्याला भरपाई दिली. प्रकरण येथे संपत नाही. भरपाई दिल्यानंतर घरमालकाचे हक्क कंपनीकडे जातात आणि ती निष्काळजी भाडेकरूकडून रक्कम वसूल करण्याचा दावा करू शकते. विम्याच्या परिभाषेत यालाच सब्रोगेशन म्हणतात. घरमालकाचा विमा भाडेकरूचे रक्षण करतोच असे नाही, उलट तो त्याच्यापुढे अधिक समर्थ वादी उभा करू शकतो. म्हणून भाडेकरूने सामानाच्या विम्यासोबत दायित्वाचे संरक्षण उपलब्ध आहे काय, याची चौकशी करावी. केवळ सामानाचा विमा घेताना पर्यायी निवासाच्या खर्चाबाबतही विचारावे, कारण तो लाभ मूळ करारात घराच्या संरक्षणाशी जोडलेला आहे.

शासकीय मदत आणि विमा

आपत्तीनंतर शासन मदत करतेच, मग विमा कशाला, असा प्रश्न विचारला जातो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती जोखीम व्यवस्थापनाकरिता १ लाख ६० हजार १५३ कोटी रुपयांची शिफारस केली होती. ही तरतूद मोठी आहे. परंतु त्या मदतीचा हेतू तातडीचा दिलासा हा आहे, झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई हा नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या कालावधीच्या निकषांनुसार सपाट प्रदेशातील पूर्णतः नष्ट झालेल्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये, तर डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये निश्चित करण्यात आले. कपड्यांच्या हानीसाठी प्रतिकुटुंब २,५०० रुपये आणि भांडी व घरगुती सामानासाठी तितकेच रुपये ठरवण्यात आले.

हे आकडे भाडेकरूच्या नजरेने वाचा. घराच्या पुनर्बांधणीची मदत घर ज्याचे त्याला मिळणार. भाडेकरू कुटुंबाच्या वाट्याला उरतात ते सामानाचे व कपड्यांचे मिळून पाच हजार रुपये. २००६ चा सुरत येथील पूर, २०१५ चा चेन्नईचा पूर, २०१८ चा केरळमधील महापूर, २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा आणि २०२१ चा चिपळूणचा पूर या प्रत्येक प्रसंगी तळमजल्यावरील भाडेकरूंनी शून्यातून संसार उभारला. त्यांची कहाणी घरांच्या पंचनाम्यात स्वतंत्रपणे क्वचितच उमटते.

मागणी कमी का?

अर्थशास्त्र याची काही उत्तरे देते. हॉवर्ड कुनरूथर यांनी अमेरिकेतील पूर व भूकंप विम्याचा अभ्यास करताना दाखवले की, क्वचित घडणाऱ्या परंतु मोठ्या हानीची शक्यता लोक शून्यच मानतात. दुसरे उत्तर म्हणजे मदतीच्या अपेक्षेने विमा टाळण्याची प्रवृत्ती. तिसरे उत्तर जॉर्ज अकरलॉफ यांच्या १९७० च्या विवेचनातून मिळते. केवळ पूरप्रवण भागातीलच लोक विमा घेऊ लागले, तर हप्ता वाढतो आणि कमी जोखमीचे ग्राहक बाहेर पडतात. यालाच प्रतिकूल निवड म्हणतात. विमा आहे म्हणून निष्काळजीपणा वाढणे, ही नैतिक जोखीम याहून वेगळी आहे. परीक्षेत या दोन संज्ञांची गल्लत वारंवार होते.

या पुस्तकी कारणांत मी भारतीय परिस्थितीतील दोन कारणांची भर घालतो. आपला भाडेकरू वारंवार पत्ता बदलतो आणि सामानाचा विमा पत्त्याशी बांधलेला असतो. घर बदलताना कंपनीस कळवून करारात नोंद करून घ्यावी लागते, ती राहून जाते. दुसरे कारण अलिखित व्यवहाराचे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी अधिनियमाने सक्तीची असल्याने देशभर अकरा महिन्यांच्या कराराची पद्धत पडली आणि अनेक ठिकाणी तोही तोंडी असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने मात्र करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक केले असून ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे.

दावा करताना

विमा अधिनियमाच्या कलम ६४ व्हीबी नुसार हप्ता मिळाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. विमा घेतेवेळी खोलीचे व वस्तूंचे चित्रण करून ते आणि देयके घराबाहेर सुरक्षित ठेवावीत. हानी झाल्यास त्वरित कळवावे. चोरी असल्यास पोलिसांत व आग असल्यास अग्निशमन दलाकडे नोंद करावी आणि सर्वेक्षण होईपर्यंत खराब वस्तू फेकू नयेत. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार दाव्याची सूचना मिळाल्यापासून चोवीस तासांत सर्वेक्षक नेमणे, त्याने पंधरा दिवसांत अहवाल देणे आणि अहवालानंतर सात दिवसांत कंपनीने निर्णय घेणे अपेक्षित आहे. समाधान न झाल्यास कंपनीचा तक्रार अधिकारी, त्यानंतर विमा लोकपाल आणि ग्राहक आयोग असे मार्ग खुले आहेत.

पुढील दिशा

नियामकाने २०४७ पर्यंत सर्वांना विमा हे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यात भाडेकरूला स्थान मिळावयाचे असेल, तर माझ्या मते तीन गोष्टी करता येतील. पहिली, भाडेकराराच्या नोंदणीच्या वेळीच दोन्ही पक्षांना स्वतंत्र विम्याचा पर्याय दाखवावा. सक्ती करू नये, परंतु नकार तरी जाणीवपूर्वक दिला जावा. दुसरी, सामानाचा विमा पत्त्याऐवजी व्यक्तीशी जोडता येईल काय, याचा विचार व्हावा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेने बँक खात्यातून वर्षाकाठी प्रथम १२ आणि १ जून २०२२ पासून २० रुपये हप्ता घेऊन अपघात विमा कोट्यवधींपर्यंत नेला. अल्प रकमेच्या घरसामान विम्यासाठी तोच मार्ग वापरता येईल. तिसरी, वसतिगृहे, अभ्यासिका आणि सशुल्क निवास चालवणाऱ्यांनी विद्यार्थ्यांसाठी सामूहिक विमा घ्यावा.

मात्र विमा हा सुरक्षिततेला पर्याय नव्हे. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीतील जुन्या राजिंदर नगरात अभ्यासवर्गाच्या तळघरात पाणी शिरून आपल्यासारख्याच तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. त्या हानीचा हप्ता कोणत्याही तक्त्यात बसत नाही. जागा निवडताना भाड्याआधी बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग पाहावा आणि मगच विम्याचा विचार करावा.

मित्रहो, आपल्यापैकी काही जण उद्या तहसीलदार, गटविकास अधिकारी वा जिल्हाधिकारी व्हाल. पूर ओसरल्यावर पंचनामा करण्यासाठी एखाद्या चिखलाने भरलेल्या घरात आपण शिराल, तेव्हा भिंतींवरील पाण्याची रेषा पाहून थांबू नका. त्या खोलीतील ओले सामान कुणाचे आहे, हा प्रश्न आपणही विचारा. आणि उत्तर ‘भाडेकरूंचे’ असे आले, तर वहीचे पान उलटू नका. तेथूनच नवे पान सुरू करा.